आवाज आपला, ट्रॅक कोणाचा?

मार्च महिना संपत आला की माझ्या कचेरीत दोन प्रकारची माणसे येऊ लागतात. पहिली, जयंती मंडळांचे कार्यकर्ते. त्यांना मिरवणुकीची परवानगी आणि ध्वनिक्षेपकाचे नियम समजून घ्यायचे असतात. दुसरी, आपले गायक आणि कवी. त्यांच्या हातात मोबाईल असतो, त्या मोबाईलवर त्यांचेच गाणे वाजत असते. फक्त त्या गाण्यावर त्यांचे नाव नसते.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एक गायिका अशीच आली. वीस वर्षे ती गावोगावच्या स्टेजवर पेटी-ढोलकीच्या साथीने भीमगीते गाते. शेजारच्या तालुक्यातील एका तरुणाने घरातल्या खोलीत संगणक, माईक आणि दोन स्पीकर मांडून स्टुडिओ थाटला होता. तो म्हणाला, "ताई, तुमचं गाणं डीजेवर टाकू." ताईंनी तासाभरात गाणे म्हटले. हातात दोन हजार रुपये पडले. पुढच्या १४ एप्रिलला ते गाणे चार जिल्ह्यांत वाजले. ताईंना आनंद झाला. त्यांनी त्याच ट्रॅकवर स्टेजवर गायलेले गाणे स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर टाकले आणि आठ दिवसांत सूचना आली की या गाण्याची मालकी दुसऱ्याची आहे, जाहिरातीचे पैसे त्याला जातील. त्या तरुणाने ते गाणे एका कंपनीला देऊन टाकले होते. ताईंचा प्रश्न एवढाच होता, "साहेब, माझा आवाज माझा नाही का?" मी विचारले, "कागद काय केला होता?" त्या म्हणाल्या, "कागद कशाला? पोरगा आपलाच आहे."

"पोरगा आपलाच आहे" या तीन शब्दांत आपल्या गायकांचे आजवरचे बहुतेक नुकसान सामावलेले आहे. म्हणूनच आज या विषयावर लिहितो आहे. आपल्या गायकांनी संगणकावर संगीत बांधणाऱ्या नव्या मुलांबरोबर काम करावे की नाही, हा प्रश्न आता शिल्लक राहिलेला नाही. करावेच लागेल. प्रश्न आहे तो कोणत्या नात्याने करावे? मजूर म्हणून की भागीदार म्हणून?

याबाबत चळवळीत दोन टोकांची मते ऐकू येतात. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, डीजेने भीमगीताचा सत्यानाश केला; शब्द मेले, धडधड उरली. तरुण म्हणतात, तुमची पेटी-ढोलकी आता कोण ऐकतो? दोघांचेही अर्धे खरे आहे. परंतु आपला इतिहास पाहिला तर यंत्राची किंवा नव्या साच्याची भीती आपल्या कलावंतांनी कधीच बाळगलेली नाही. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी जलसा उभा केला तो तमाशाच्या अंगाने. त्यांनी गण-गौळणीची जुनी चाकोरी बाजूला सारली आणि त्या साच्यात बाबासाहेबांचा विचार भरला. पुढे कव्वालीचा सामना आला, तो आपण घेतला. सिनेमाच्या चाली आल्या, त्यावर भीमगीते रचली. कॅसेट आली, तर प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजाने आणि त्यांच्यानंतर आनंद-मिलिंद शिंदे यांनी कॅसेटचा बाजार दणाणून सोडला. विठ्ठल उमप यांनी तर लोकगीतापासून कव्वालीपर्यंत आणि नाटकापासून चित्रपटापर्यंत सर्वत्र आपला गळा चालवला. साचा कोणाचाही असो, आशय आपला, हीच आपली रीत राहिली. मग संगणकावर तयार होणारा ठेका तेवढा परका का?

परंतु याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. कॅसेटच्या काळात किती कवींना त्यांच्या गाण्याचा वाटा मिळाला? एकरकमी मानधन घ्यायचे, मागतील त्या कागदावर सही करायची आणि घरी यायचे, हाच तेव्हाचा सर्रास रिवाज होता. वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी लिहिली. ती महाराष्ट्राच्या वाड्यावस्त्यांत पोहोचली. पण शेवटच्या ओळीतले "वामन" हे नाव गाळून गाणारेही आपण पाहिले. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे, दोघेही २००४ साली गेले. त्यानंतर कॅसेट गेली, सीडी गेली, मोबाईल आला. माध्यम तीनदा बदलले, कागद न करण्याची सवय मात्र बदलली नाही.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही. ज्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर चळवळीवरून १९७२ साली दलित पँथरने नाव घेतले, त्यांच्या कलावंतांचा अनुभव पाहा. आज जगभर ज्याला हाऊस म्युझिक म्हणतात ते शिकागो शहरातील कृष्णवर्णीय तरुणांनी घडवले आणि टेक्नो डेट्रॉईटच्या कृष्णवर्णीय तरुणांनी. म्हणजे ज्या धडधडीला आपण परकी म्हणतो, तिचा जन्म दबलेल्या वस्त्यांतलाच आहे. पण या संगीतात गायिकांच्या वाट्याला काय आले? लोलिएटा हॉलोवे या कृष्णवर्णीय गायिकेने १९८० साली 'लव्ह सेन्सेशन' हे गाणे गायले. १९८९ साली इटलीतील ब्लॅक बॉक्स या गटाने त्यातला तिचा आवाज कापून 'राईड ऑन टाइम' या गाण्यात वापरला. गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. पडद्यावर मात्र एक तरुण मॉडेल ओठ हलवत होती. मूळ गायिकेला कायद्याचा आधार घ्यावा लागला, तेव्हा कुठे तडजोड झाली. मार्था वॉश या गायिकेच्या बाबतीत हेच पुन्हा घडले. आवाज तिचा, व्हिडिओत चेहरा दुसरीचा. ती कोर्टात गेली आणि तिच्या लढ्यामुळे तिथल्या कंपन्यांना गायिकेचे नाव छापण्याची शिस्त लागली. धडा स्पष्ट आहे. संगणकाला आवाज एकदा दिला की तो कापता येतो, ताणता येतो, दुसऱ्याच्या तोंडी घालता येतो. पेटी-ढोलकीच्या काळात गायक स्टेजवर हजर असल्याशिवाय गाणे होत नव्हते. आता गायकाची गरज एकदाच लागते. म्हणून त्या एका वेळीच सावध राहावे लागते.

आपल्या देशातही दोन्ही प्रकारची उदाहरणे आहेत. तमिळनाडूत दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांनी २०१७ साली 'कास्टलेस कलेक्टिव्ह' हा गट उभा केला आणि जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. मयताच्या घरी आणि वस्तीच्या नाक्यावर गायले जाणारे 'गाना' हे गीत, रॅप आणि रॉक एका मंचावर आले. गटाचे नाव घेतले ते अयोथी दास पंडितांच्या "जातविरहित तमिळ" या कल्पनेवरून. इथे वस्तीतला गायक संगीतकाराच्या ट्रॅकवर लावलेली नक्षी नव्हता, तो गटाचा सभासद होता. आपल्या मुंबईत 'स्वदेशी' या हिपहॉप गटाने २०१९ साली आरेच्या जंगलातील आदिवासी गायक प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'वारली रिव्होल्ट' हे गाणे केले. गाण्यावर भोईरांचे नाव आहे, पडद्यावर त्यांचा चेहरा आहे आणि विषयही त्यांच्याच जंगलाचा आहे.

याच्या उलट, मार्च २०२१ मध्ये आलेले 'एन्जॉय एन्जामी' पाहा. याच कास्टलेस कलेक्टिव्हमधून पुढे आलेल्या अरिवू या कवी-गायकाने भूमिहीन मजूर असलेल्या आपल्या आजी-पणजीची कहाणी त्यात घातली. संतोष नारायणन यांचे संगीत, गायिका धी हिचा आणि अरिवूचा आवाज. गाणे जगभर गाजले. डीजे स्नेक या फ्रेंच डीजेने त्याचे रिमिक्स केले. त्याच्या प्रसिद्धीत आणि ऑगस्ट २०२१ मध्ये एका संगीतविषयक मासिकाच्या मुखपृष्ठावर अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी तेव्हा जाहीर जाब विचारला. कोणाचे काम किती, यावर पुढे कलावंतांनी आपापली वेगळी बाजू मांडली. आणि २०२४ साली खुद्द संगीतकारानेच सांगितले की या गाण्याचा पैसा कलावंतांपर्यंत आलेला नाही. कोट्यवधी लोकांनी ऐकलेल्या गाण्याची ही गत! चांगली मैत्री, चांगला हेतू आणि चांगले गाणे या तिन्ही गोष्टी असूनही श्रेय आणि पैसा यांचा हिशेब आधी ठरला नाही, तर पुढे मैत्रीही जाते.

आता कामाचे बोलू. गायकाने सुरुवात कुठून करावी?

पहिली गोष्ट, माणूस निवडताना त्याच्या स्पीकरची भिंत पाहू नका, त्याचे काम ऐका. त्याने केलेली दोन-तीन गाणी साध्या मोबाईलवर लावा. शब्द ऐकू येतात का? घरातल्या आजीला पहिल्याच ऐकण्यात कडवे समजले तर तो माणूस कामाचा. भीमगीतात शब्द हाच जीव आहे. जो गाणे फक्त मिरवणुकीच्या भिंतीसाठी बांधतो, त्याचे गाणे रात्री दहाला मरते. कारण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद होतात. मोबाईलवरचे गाणे मात्र रात्री अकरालाही ऐकता येते. कडूबाई खरात यांचा आवाज घराघरांत गेला तो एकतारीच्या साथीने आणि मोबाईलच्या पडद्यावरून, हे विसरू नका. आवाज आणि शब्द यांत दम असेल तर ठेका त्याच्या मागे चालतो.

दुसरी गोष्ट, त्याची भाषा थोडी शिका. आपला गायक म्हणतो, "मी काळी एकमध्ये गातो." तो मुलगा विचारतो, "स्केल कोणते?" दोघे एकाच गोष्टीविषयी बोलत असतात. पेटीवरची काळी एक म्हणजे त्याचा सी शार्प, काळी दोन म्हणजे डी शार्प, काळी तीन म्हणजे एफ शार्प, काळी चार म्हणजे जी शार्प आणि काळी पाच म्हणजे ए शार्प. जुनी पेटी कधी कधी थोडी चढलेली किंवा उतरलेली असते. म्हणून मोबाईलवरच्या ट्यूनरशी ती एकदा ताडून घ्या. तो बीपीएम विचारतो, म्हणजे मिनिटाला किती ठोके. डीजेवरची गाणी बहुधा १२० ते १३०च्या आसपास बांधतात. आठ मात्रांचा केहरवा त्यात सहज बसतो. सहा मात्रांचा दादरा मात्र बळेच चारच्या ठेक्यात कोंबला की शब्द तुटतात. अशा वेळी गाण्याला धक्का न लावता ठेका बदलायला सांगण्याचा अधिकार गायकाला आहे आणि तो त्याने वापरावा.

ढोलकीवाला गायकाकडे पाहून लय सांभाळतो. संगणक पाहत नाही. म्हणून घरी मोबाईलच्या मेट्रोनोमवर पंधरा दिवस सराव करा. सुरुवातीचा शेर किंवा आलाप ठेक्याशिवाय मोकळा गा आणि मुखड्यापासून ठोक्याला धरा. स्टुडिओ लांब असेल तर घरीही आवाज घेता येतो. पंखा बंद करा, गोधड्या-कपडे असलेल्या खोलीत बसा, एको लावू नका. कोरडा आवाज द्या आणि तो वेव्ह फाईलमध्ये द्या. व्हॉट्सॲपवर आवाजाची नोट पाठवली तर आवाज दाबला जातो, तो नंतर कितीही घासूनपुसून उजळत नाही. आणि मुख्य म्हणजे, दिलेल्या प्रत्येक फाईलची एक प्रत तारखेसह आपल्या पेन ड्राईव्हवर ठेवा. उद्या वाद झाला तर तीच तुमची साक्षीदार.

तिसरी गोष्ट, चाल. आपली असंख्य भीमगीते सिनेमाच्या चालीवर आहेत. स्टेजवर ती खपून गेली. आज तशी गाणी यूट्यूबवर टाकली की चालीचा मालक दावा लावू शकतो आणि मेहनत तुमची, पैसा त्याचा असे होते. संगीत बांधणारा मुलगा सोबत आहे ना? मग त्याच्याकडून नवी चाल करून घ्या किंवा परंपरेने आलेल्या, कोणा एकाच्या मालकीच्या नसलेल्या लोकचाली घ्या. संगणकाचा खरा फायदा हा आहे. उसन्या चालीतून आपण यामुळे सुटू शकतो.

आता कायदा. प्रताधिकाराचा कायदा १९५७ चा आहे. २०१२ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती कवी, संगीतकार व गायक यांच्या बाजूची आहे. दुर्दैव असे की ज्यांच्यासाठी ती झाली त्यांनाच ती माहीत नाही.

एका गाण्यात एकाच वेळी चार हक्क असतात, हे आधी समजून घ्या. शब्दांचा हक्क कवीचा. चालीचा हक्क संगीतकाराचा. गायनाचा हक्क गायकाचा. आणि तयार झालेल्या रेकॉर्डिंगचा हक्क निर्मात्याचा. सगळी गोम या चौथ्या माणसात आहे. आज संगणकावर ट्रॅक बनवणारा प्रत्येक जण स्वतःला "प्रोड्युसर" म्हणवतो. कायद्यातला निर्माता मात्र वेगळा आहे. रेकॉर्डिंग करण्यात पुढाकार ज्याने घेतला आणि जबाबदारी ज्याने उचलली तो निर्माता. तुम्ही स्वतः ठरवून, पदरचे पैसे मोजून स्टुडिओवाल्याकडून काम करून घेतले असेल तर निर्माते तुम्ही आहात. तो ठरलेले पैसे घेऊन काम करणारा आहे. सगळा खर्च आणि खटाटोप त्याचा असेल तर निर्माता तो आहे. दोघांनी अर्धा-अर्धा भार उचलला असेल तर दोघे आहात. म्हणून माईकसमोर उभे राहण्याआधी एकच प्रश्न विचारा: या गाण्याचा निर्माता कोण? ज्या ताईंची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली त्यांनी हा एक प्रश्न विचारला असता तर पुढचे काहीच घडले नसते.

निर्माता दुसरा असला तरी गायक उघडा पडत नाही. कलम ३८-अ ने गायकाला स्वतःच्या गायनावर हक्क दिला आहे आणि त्या गायनाचा व्यापारी वापर झाला तर मानधनापलीकडे रॉयल्टीचाही हक्क दिला आहे. कलम ३८-ब सांगते की गायक म्हणून आपले नाव लावून घेण्याचा आणि आपल्या गायनाची प्रतिष्ठा घालवणारी मोडतोड रोखण्याचा हक्क गायकाकडे राहतो. "स्टुडिओत गायले, लोकांसमोर नाही, म्हणून हक्क नाही" असे कोणी सांगितले तर ऐकू नका. गायिका नेहा भसीन यांच्या खटल्यात २००६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रेक्षकांसमोर असो वा स्टुडिओत, गायन हे मुळात प्रत्यक्षच होत असते. तो वादही मुख्य गायिकेचे श्रेय डावलल्याचाच होता.

कवी आणि संगीतकार यांच्यासाठी कलम १८ आणखी भक्कम आहे. त्यांनी हक्क लिहून दिला तरी रॉयल्टीतला समान वाटा त्यांना सोडून देता येत नाही. तसे लिहून घेतले तरी ते टिकत नाही. कलम १९ सांगते की हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीचे असलेच पाहिजे. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. ही कलमे गायकालाही लागू होतात. म्हणजेच "एकदा पैसे दिले, आता कायमचे माझे" हे तोंडी बोलणे कायद्यापुढे पोकळ आहे. आणि दावा करायला मुंबई-दिल्ली गाठलीच पाहिजे असेही नाही. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायालयात दावा करण्याची सोय कलम ६२ मध्ये आहे.

त्यामुळे कागद करा. तो वकिलाच्या इंग्रजीत असण्याची गरज नाही. साध्या मराठीत एक पान पुरे. त्यात गाण्याचे नाव, कवी, संगीतकार, गायक आणि निर्माता कोण, प्रत्येकाचा वाटा शेकडा किती, मुदत किती, गाणे कोणाच्या चॅनेलवर जाणार आणि पैसे कोणाच्या खात्यात येणार, हिशेब दर किती महिन्यांनी दाखवणार, प्रत्येक ठिकाणी नाव कसे लागणार, आणि ट्रॅक तिसऱ्या कोणाला द्यायचा असेल तर दोघांची लेखी संमती लागेल, एवढे लिहा. गायकाला स्टेजवर गाण्यासाठी आवाजाशिवायचा ट्रॅक मिळेल, हेही लिहा. कवी-संगीतकारांनी आयपीआरएस या संस्थेचे आणि गायकांनी इसामरा या गायक-वादकांच्या संस्थेचे सभासद व्हावे. हलगी, संबळ आणि ढोलकी वाजवणाऱ्यांनाही या कागदात जागा द्या. हलगीचा एक तुकडा रेकॉर्ड करून तो शंभर गाण्यांत वापरला जातो आणि वाजवणाऱ्याला एका दिवसाची मजुरी मिळते. ज्या समाजाच्या खांद्यावर हलगी पिढ्यान्पिढ्या राहिली त्याला पुन्हा फुकट राबवून आपण कोणती समता गाणार आहोत?

आता एक गोष्ट तरुण संगीतकारांना. जुनी भीमगीते म्हणजे उघडे पडलेले रान नव्हे. कवीच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या शब्दांवर त्याच्या वारसांचा हक्क असतो. वामनदादांचे निधन २००४ सालचे, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत शाबूत आहे. जुन्या कॅसेटमधला आवाज कापून रिमिक्स करण्यासाठी रेकॉर्डिंगच्या मालकाची परवानगी लागते. नव्या आवाजात पुन्हा गाण्यासाठी कलम ३१-क ची वाट आहे, पण तिथेही आधी रॉयल्टी भरावी लागते आणि मूळ शब्द-चालीत मनमानी बदल करता येत नाही. कंपन्यांनी कवीला लुटले म्हणून आपणही लुटावे, हा न्याय होत नाही. ज्या वेळी वारसांच्या घरी जाऊन, विचारून, नाव लावून आणि वाटा देऊन गाणे नवे कराल, त्या वेळी ते खरे अभिवादन ठरेल.

आणि धोका आता आणखी एक पाऊल पुढे गेला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना गायकाचा थोडासा आवाज दिला की त्याने कधीही न गायलेले गाणे त्याच्या आवाजात तयार होते. गायक अरिजित सिंग यांना याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले आणि जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांच्या आवाजाला अंतरिम संरक्षण दिले. मोठा गायक न्यायालयात जाऊ शकतो. आपल्या तालुक्याच्या गायकाच्या आवाजात उद्या एखाद्या पक्षाचे प्रचारगीत निघाले तर? चळवळीच्या आवाजात चळवळीविरुद्धचे गाणे निघाले तर? म्हणून कागदावर एक ओळ वाढवा: "माझा आवाज यंत्राला शिकवण्यासाठी किंवा माझ्या आवाजाची नक्कल करण्यासाठी वापरायचा नाही."

शेवटी प्रश्न उरतो तो चळवळीचा. जयंती मंडळे स्पीकरवर जो खर्च करतात त्यातला थोडा भाग नव्या गाण्यावर खर्च करू शकत नाहीत का? एका तालुक्यातील चार मंडळांनी मिळून वर्षाला एक नवे गाणे करावे. कवी आपला, गायक आपला, ट्रॅक करणारा मुलगाही आपला आणि निर्माता मंडळ. कागदावर सगळ्यांची नावे. सामाजिक भवनाच्या एका खोलीत माईक आणि संगणक ठेवला तर वस्तीतल्या मुली शाळा सुटल्यावर तिथे गाऊ शकतील. आणि आपल्यात वकिलांची काय कमतरता आहे? प्रत्येक तालुक्याच्या बारमध्ये आपले दोन-चार वकील आहेत. त्यांनी एप्रिलच्या आधी एक रविवार कलावंतांसाठी द्यावा आणि एक पानाचा करार फुकट लिहून द्यावा. मी माझ्यापुरते हे सुरू केले आहे.

त्या ताईंचे पुढे काय झाले? आम्ही नोटीस पाठवली. ती पाठवताना ताईंनी एक अट घातली होती, "पोरावर केस नको, कंपनीवर करा." अखेर बोलणी झाली, गाण्यावर त्यांचे नाव लागले, ठरलेला वाटा मिळू लागला. तो तरुणही कचेरीत येऊन ओशाळून बसला. तो वाईट नव्हता. त्यालाही कंपनीने थोड्या पैशांत गुंडाळले होते. गेल्या वर्षी दोघांनी मिळून दुसरे गाणे केले. या वेळी माईक लावण्याआधी त्याने स्वतःच कागद पुढे केला आणि ताईंनी चष्मा लावून तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मगच त्या गायला उभ्या राहिल्या.

पोरगा आपलाच आहे, हे खरेच. म्हणून तर कागद करायचा.